डेटाबेस मायग्रेशन स्क्रिप्ट नीट कशा लिहाव्यात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पवई, ऐरोली, मालाड, लोअर परळ. ऑफिसं वेगळी, पण मायग्रेशनबद्दलचे प्रश्न तेच तेच येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या डेटाबेसची आहेत. कमांड आपण बोलतो तशाच लिहिल्या आहेत.

१. मायग्रेशन स्क्रिप्ट म्हणजे नेमकं काय? डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) क्वेरी मेल केली की काम होतंच की.

होतं, एकदा. पण तीच क्वेरी यूएटीला (वापरकर्त्यांच्या चाचणीच्या सर्व्हरवर) कोणी चालवली, डीआर साइटवर (आपत्तीसाठीच्या राखीव जागी) राहून गेली का, हे मग मेलबॉक्स उपसून शोधावं लागतं. मायग्रेशन म्हणजे डेटाबेसमधला बदल फाइलीत लिहून, क्रमांक देऊन, कोडबरोबर गिटमध्ये ठेवणं. कुठली फाइल लागली याची नोंद त्याच डेटाबेसमधल्या एका टेबलात राहते. फ्लायवे, लिक्विबेस, अलेम्बिक ही मायग्रेशनची टूल, किंवा ती सोय आतच असलेले जँगो, रेल्स हे फ्रेमवर्क, सगळ्यांचा गाभा हाच.

२. एकदाच चालणाऱ्या स्क्रिप्टला कसली आलीय कोड क्वालिटी?

एकदाच चालते म्हणूनच. अ‍ॅपचा कोड चुकला तर जुना बिल्ड परत चढवता येतो, पण स्क्रिप्टने रो (टेबलातल्या ओळी) पुसल्या की पुसल्या. शिवाय ती ज्या डेटावर चालणार, तो लिहिणाऱ्याने सहसा पाहिलेलाच नसतो. आमचा निकष एकच आहे: स्क्रिप्ट मधेच फाटली, म्हणजे एरर येऊन थांबली, तर ती न लिहिलेल्या माणसाला रात्री दोन वाजता ती वाचून पुढे काय करायचं हे कळलं पाहिजे. कीवर्ड कॅपिटलमध्ये आहेत का, स्वल्पविराम ओळीच्या आधी की नंतर, हे वाद लिंटरवर (कोड आपोआप तपासणाऱ्या टूलवर) सोपवा (प्रश्न १६).

३. फाइलला नाव काय द्यावं आणि एका फाइलीत किती बदल घालावेत?

नाव क्रियापदाने संपेल असं ठेवा: ‘ऑर्डर टेबलात जीएसटी कॉलम जोडणे’. ‘फिक्स’, ‘फायनल’, ‘न्यू टू’ ही नावं सहा महिन्यांनी कोणाच्याच कामाची नसतात. एका फाइलीत एकच कारण असावं. रचनेतला बदल आणि डेटातला बदल एका फाइलीत कधीही नको, कारण पहिला क्षणात होतो, दुसरा तासभर चालतो आणि दोघांचं फाटणं वेगळ्या तऱ्हेचं असतं. कमेंटमध्ये ‘कॉलम जोडला’ असं लिहू नका, ते खालच्या ओळीत दिसतंच. का जोडला ते लिहा, तिकीट नंबर द्या.

४. प्रॉडक्शनला (खऱ्या वापरातल्या सर्व्हरवर) गेलेल्या फाइलीत चूक दिसली. तीच फाइल दुरुस्त करून टाकू का?

नाही. नवी फाइल लिहा. फ्लायवे प्रत्येक फाइलीचा आणि लिक्विबेस फाइलीतल्या प्रत्येक बदलाचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) नोंदवून ठेवतात, त्यामुळे एक स्पेस बदलली तरी पुढचं डिप्लॉय अडू शकतं. तेव्हा घाईत कोणीतरी ‘फ्लायवे रिपेअर’ मारतो आणि सगळं हिरवं दिसू लागतं. रिपेअर फक्त नोंदवहीतल्या नोंदी जुळवतं, टेबलं जिथल्या तिथेच राहतात. रेल्स आणि जँगो चेकसम बघतच नाहीत, तिथे धोका जास्त: जुन्या सर्व्हरवर एक रचना, नव्याने उभ्या केलेल्या सर्व्हरवर दुसरी, आणि तक्रार करणारं कोणी नाही.

फाइल अजून तुमच्याच लॅपटॉपवर असेल तर खुशाल बदला. प्रॉडक्शनला गेलेल्या फाइलीत मात्र कमेंटमधलं चुकलेलं स्पेलिंगही तसंच राहू द्या.

५. आम्ही दोघांनी एकाच दिवशी मायग्रेशन लिहिलं आणि मर्ज केल्यावर फाटलं. कोणाचं चुकलं?

कोणाचंच नाही. १, २, ३ असे क्रमांक असतील तर हे होणारच. रेल्सने २००८ साली, २.१ आवृत्तीपासून, याच कारणाने क्रमांकाऐवजी टाइमस्टॅम्प घेतला. जँगोमध्ये ‘मेकमायग्रेशन्स मर्ज’ आणि अलेम्बिकमध्ये ‘मर्ज’ आहे, पण ते फक्त दोन फांद्या जोडतात. दोघांनी एकाच कॉलमचा टाइप दोन तऱ्हांनी बदलला असेल, तर ते माणसानेच बघायचं.

६. सगळं ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवलं की अर्ध्यात फाटण्याची भीती संपली ना?

डेटाबेस कुठला, त्यावर आहे. पोस्टग्रेसमध्ये बहुतेक डीडीएल (टेबलांची रचना बदलणाऱ्या कमांड) ट्रान्झॅक्शनमध्ये बसतं: पाचवी कमांड फाटली तर पहिल्या चारही मागे जातात. मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये प्रत्येक डीडीएल आपणहून कमिट (पक्कं) होतं. मायएसक्यूएल ८.० मध्ये ‘अ‍ॅटॉमिक डीडीएल’ आलं, ते एका कमांडपुरतं. पाच ‘ऑल्टर टेबल’ लिहून वर ‘बिगीन’ आणि खाली ‘रोलबॅक’ लिहिलंत, तर तो रोलबॅक शोभेचा. मायएसक्यूएलवर एका फाइलीत एकच डीडीएल ठेवा, म्हणजे कुठे थांबलं हा प्रश्न उरत नाही.

पोस्टग्रेसलाही अपवाद आहे. ‘क्रिएट इंडेक्स कन्करंटली’ (टेबलात लिहिणं न अडवता इंडेक्स बनवणं) ट्रान्झॅक्शनमध्ये चालत नाही, त्यामुळे त्या फाइलीपुरतं टूलचं ट्रान्झॅक्शन बंद करावं लागतं. हा इंडेक्स अर्ध्यात फाटला तर ‘इनव्हॅलिड’ शिक्का घेऊन मागे राहतो. क्वेरी त्याचा वापर करत नाही, पण प्रत्येक इन्सर्ट-अपडेटला त्याचा भार मात्र पडतो. तो ड्रॉप करा आणि पुन्हा बनवा.

७. मग प्रत्येक ठिकाणी ‘इफ नॉट एग्झिस्ट्स’ लावावं का? पुन्हा चालवलं तरी एरर येत नाही.

एरर येत नाही, हीच अडचण आहे. ‘इफ नॉट एग्झिस्ट्स’ फक्त नाव बघतं. टेबल आहे पण त्यात तीन कॉलम कमी आहेत, तरी ते ‘आहे’ म्हणून पुढे जातं. प्रश्न ६ मधला इनव्हॅलिड इंडेक्स आठवा: स्क्रिप्ट पुन्हा चालवली, इंडेक्सचं नाव सापडलं, मायग्रेशन यशस्वी, आणि क्वेरी पूर्वीइतकीच संथ. पुन्हा चालवता येणं चांगलंच, पण ते खरी स्थिती तपासून मिळवा. डेटा भरणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ‘जिथे नवा कॉलम नल (रिकामा) आहे तिथेच भर’ ही अट त्यासाठी पुरते.

८. एकच कॉलम जोडायचा होता. लॅपटॉपवर क्षणात झालं, प्रॉडक्शनला अख्खं अ‍ॅप पाच मिनिटं बंद. का?

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न. दहापैकी नऊ वेळा कारण कॉलम नसतो, रांग असते.

पोस्टग्रेसमध्ये ‘ऑल्टर टेबल’ला टेबलाचं सर्वांत कडक लॉक लागतं. समजा, एक एमआयएस (व्यवस्थापनासाठीचा) रिपोर्ट त्या टेबलावर चार मिनिटं सिलेक्ट करतोय. ऑल्टर त्याच्या मागे थांबतो. इथवर ठीक. पण ऑल्टरच्या मागून येणारी प्रत्येक क्वेरी, अगदी साधं सिलेक्टसुद्धा, आता ऑल्टरच्या मागे थांबते. प्लॅटफॉर्मवर एक जण मोठी ट्रंक घेऊन दारात अडकला की मागचा कोणीच डब्यात चढू शकत नाही, तसं. कनेक्शन पूल (डेटाबेसशी जोडणाऱ्या कनेक्शनचा साठा) भरतो, अ‍ॅप मान टाकतं. रिपोर्टही असावा लागतो असं नाही. कोणीतरी क्लायंटमध्ये ‘बिगीन’ टाकून, एक सिलेक्ट मारून जेवायला गेलेला असतो, तेवढं पुरतं.

उपाय स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत: ‘लॉक टाइमआउट’ दोन-तीन सेकंद. तेवढ्यात लॉक मिळालं नाही तर स्क्रिप्टने स्वतः बाजूला व्हावं आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा. पोस्टग्रेसचं मूळ सेटिंग शून्य आहे, म्हणजे थांबायला मर्यादाच नाही. मायएसक्यूएलमध्ये मेटाडेटा लॉकची अशीच रांग लागते आणि ‘लॉक वेट टाइमआउट’ मुळात ३,१५,३६,००० सेकंद, म्हणजे चक्क एक वर्ष आहे.

दहावी वेळ टेबल नव्याने लिहिलं जाण्याची. पोस्टग्रेस ११ पासून (२०१८) स्थिर डिफॉल्ट असलेला कॉलम टेबल न लिहिता जोडला जातो, पण डिफॉल्ट प्रत्येक रोला वेगळा येणारा असेल, उदाहरणार्थ रँडम यूयूआयडी, तर अख्खं टेबल पुन्हा लिहिलं जातं. मायएसक्यूएलमध्ये ८.०.१२ पासून ‘इन्स्टंट’ पद्धत आहे. ती स्क्रिप्टमध्ये ‘अल्गोरिदम इन्स्टंट’ असं स्पष्ट लिहून मागा. मग जमत नसेल तर लगेच एरर येते, गुपचूप टेबल कॉपी होत नाही.

मोठ्या टेबलात ‘नॉट नल’ लावायचं असेल तर आधी ‘नॉट व्हॅलिड’ (जुन्या रो न तपासणारा) चेक कन्स्ट्रेंट टाका, वेगळ्या फाइलीत ‘व्हॅलिडेट’ करा, मग ‘सेट नॉट नल’. पोस्टग्रेस १२ पासून असा चेक सापडला की टेबल पुन्हा तपासलं जात नाही.

९. रात्री दोनला चालवलं तर हे सगळं टळतं ना?

थोडंफार. ब्रोकरच्या सिस्टिमला बाजार सव्वानऊला उघडतो आणि साडेतीनला बंद होतो, त्यांना संध्याकाळ-रात्र मिळते. बाकीच्यांची रात्र गेली. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालू आहे, यूपीआय तर पहिल्यापासूनच. आणि दिवसभरात मोकळे असलेले बॅच जॉब, बॅकअप, हिशेबाचा ताळमेळ लावणाऱ्या स्क्रिप्ट नेमक्या रात्रीच लागतात, म्हणजे प्रश्न ८ मधली चार मिनिटांची क्वेरी रात्री चाळीस मिनिटांची असते.

शिवाय माणूस. शेवटची लोकल सोडून ऑफिसात थांबलेला, पहाटेच्या पहिल्या गाडीची वाट बघणारा माणूस चांगले निर्णय घेत नाही. दिवसा चालवायची हिंमत होत नसेल तर स्क्रिप्ट अजून तयार नाही, असं आम्ही मानतो. टेबल पुन्हा लिहिल्याशिवाय गत्यंतरच नसेल, तर रात्र घ्या.

१०. कॉलमचं नाव बदलायचंय. एका ओळीचं काम आहे, त्याला तीन रिलीज कशाला?

कारण डिप्लॉय चालू असताना जुना आणि नवा असे दोन्ही कोड एकाच वेळी त्याच टेबलावर काम करतात. जुना कोड जुनं नाव मागणार आणि पडणार. म्हणून आधी वाढवायचं, मग छाटायचं. पहिल्या रिलीजमध्ये नवा कॉलम जोडा आणि कोड दोन्ही कॉलममध्ये लिहू लागेल असं करा. मग जुन्या रो भरा (प्रश्न ११) आणि दुसऱ्या रिलीजमध्ये वाचन नव्यावर न्या. काही दिवस जाऊ द्या, रिपोर्टवाले, वेअरहाउसवाले, एक्सेलला थेट जोडून बसलेले अकाउंट्सवाले सगळे हलले याची खात्री करा, मग तिसऱ्यात जुना काढा.

नाव फक्त डोळ्याला खुपतंय म्हणून बदलत असाल तर बदलू नका. कोडमध्ये टोपणनाव द्या.

११. लाखो रो अपडेट करायच्या आहेत. एका अपडेटमध्ये केलं तर काय बिघडतं?

लॉक लांबतात, रेप्लिका (डेटाबेसची चालती प्रत) मागे पडते, आणि पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक बदललेल्या रोची नवी प्रत बनत असल्याने टेबल फुगतं. ९८ टक्क्यांवर फाटलं तर सगळं मागे. तुकडे करा: प्रायमरी कीच्या (रोची एकमेव ओळख) टप्प्याने, एका वेळी काही हजार, प्रत्येक तुकड्याला कमिट आणि मध्ये छोटी विश्रांती. ऑफसेटने (सुरुवातीच्या इतक्या रो सोडून) तुकडे पाडू नका. ऑफसेट वाढत जातो तसा प्रत्येक तुकडा आधीपेक्षा संथ होतो, आणि अट स्वतःच बदलत असेल तर रो सुटतात. कुठवर पोहोचलो ते लॉगमध्ये लिहा. हे काम डिप्लॉयच्या आत ठेवू नका, वेगळा जॉब करा. का, ते प्रश्न १९ मध्ये.

१२. मायग्रेशनमध्ये अ‍ॅपचं मॉडेल (टेबलासाठी कोडमध्ये लिहिलेला क्लास) वापरलं तर चालेल का?

आज चालेल. वर्षभराने त्या मॉडेलमध्ये नवा कॉलम येईल आणि रिकाम्या डेटाबेसवर तुमचं जुनं मायग्रेशन तो नसलेला कॉलम मागेल. जँगोमध्ये ‘अ‍ॅप्स डॉट गेट मॉडेल’ वापरा, रेल्समध्ये मायग्रेशनच्या आतच छोटा क्लास लिहा, किंवा सरळ एसक्यूएल. फक्त लक्षात ठेवा, जँगोच्या त्या जुन्या मॉडेलमध्ये तुम्ही लिहिलेली सेव्ह मेथड नसते.

१३. मास्टर टेबलातलं नाव बदलायचंय, जसं स्टेशनचं. साधा अपडेट पुरेल?

नाव हीच की असेल तर नाही. मुंबईत हे वारंवार होतं. सीएसटीचं २०१७ साली छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस झालं आणि कोडही सीएसटीएमचा सीएसएमटी झाला. एल्फिन्स्टन रोडचं २०१८ मध्ये प्रभादेवी झालं. ज्यांनी ‘कोड तर बदलत नाही ना’ म्हणून स्टेशन कोडला प्रायमरी की केलं, त्यांनाही हलावं लागलं. बँकांचंही तेच: १ एप्रिल २०१९ ला देना आणि विजया बँक बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या, आणि आयएफएससीला की मानणाऱ्या टेबलांची पंचाईत झाली. स्वतःचा आयडी ठेवा. नाव आणि कोड ‘कधीपासून कधीपर्यंत’ या दोन तारखांसह वेगळ्या टेबलात ठेवा, कारण २०१६ च्या पावतीवर प्रभादेवी छापून येणं हीसुद्धा चूकच.

अपडेट लिहिताना किती रो बदलायला हव्यात ते स्क्रिप्टमध्येच तपासा. एक अपेक्षित असेल आणि शून्य किंवा चाळीस आल्या, तर एरर फेकून थांबा.

१४. मराठी नावांच्या कॉलमवर युनिक इंडेक्स टाकला, तरी डुप्लिकेट दिसतात. डोळ्यांना तर दोन्ही सारखीच आहेत.

डोळ्यांना आहेत, बाइटना नाहीत. ‘कुऱ्हाडे’ घ्या. एका कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग ह असं उमटतं: एकूण ८ कोडपॉइंट (युनिकोडमधली चिन्हं), यूटीएफ-८ मध्ये २४ बाइट. दुसऱ्या कीबोर्डवर साधा र, हलन्त, मग न दिसणारा झेडडब्ल्यूजे (झीरो विड्थ जॉइनर), मग ह: ९ कोडपॉइंट, २७ बाइट. स्क्रीनवर तंतोतंत एकच. पोस्टग्रेसच्या नेहमीच्या कोलेशनला (तुलनेच्या नियमांना) या दोन वेगळ्या व्यक्ती वाटतात.

पोस्टग्रेस १३ पासून ‘नॉर्मलाइज’ फंक्शन आहे, पण ते इथे अर्धंच काम करतं. र आणि नुक्ता वेगळे लिहिले असतील तर जोडून ऱ करतं, झेडडब्ल्यूजेला हात लावत नाही. ती जोडी तुम्हालाच बदलावी लागते, आणि तीही ‘र, हलन्त, झेडडब्ल्यूजे’ एवढीच. सरसकट सगळे झेडडब्ल्यूजे उडवलेत तर ‘ऱ्ह’ चा रफार होऊन बसेल. आमचा आग्रह असा की मूळ नावाच्या कॉलमला हात लावू नका, ते ग्राहकाने दिलंय. शोधण्यासाठी आणि युनिकसाठी दुसरा कॉलम काढा, त्यात एकसारखं केलेलं रूप भरा.

लांबीचंही बघा. ओरॅकलमध्ये ‘व्हारकॅर टू ३०’ मुळात ३० बाइट असतात, म्हणजे देवनागरीचे जेमतेम १० कोडपॉइंट. आणि जुन्या मायएसक्यूएलमध्ये लॅटिन-१ कॉलमात यूटीएफ-८ बाइट कोंबलेले असतील, तर ‘कन्व्हर्ट टू’ थेट मारू नका, कचऱ्याचं दुप्पट कचऱ्यात रूपांतर होतं. आधी कॉलम बायनरी करा, मग यूटीएफ-८ एमबी-४.

१५. मायग्रेशननंतर काही व्यवहारांची तारीख एक दिवस मागे गेली. सगळे नाहीत, काहीच.

ते काही म्हणजे रात्री बारा ते पहाटे साडेपाचचे असणार. तेव्हा यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) आदला दिवस चालू असतो. पोस्टग्रेसमध्ये टाइम झोनवाला कॉलम टाइम झोन नसलेला करताना झोन सांगितला नाही, तर चालू सेशनचा झोन धरला जातो. लॅपटॉप भारतीय वेळेवर, तिथे बरोबर. सर्व्हर यूटीसीवर, तिथे साडेपाच तास घसरले. स्क्रिप्टमध्ये ‘अ‍ॅट टाइम झोन एशिया/कोलकाता’ असं पूर्ण लिहा. नुसतं ‘आयएसटी’ लिहू नका: पोस्टग्रेसच्या मूळ यादीत आयएसटी म्हणजे इस्राएलची वेळ, यूटीसीच्या दोन तास पुढची.

१६. रिव्ह्यूमध्ये नेमकं काय बघायचं? लिंटर लावला तर पुरतं का? आणि एआयकडून लिहून घेतलेलं चालतं का?

एसक्यूएलफ्लफ मांडणी बघतो. स्क्वॉक पोस्टग्रेसच्या धोकादायक कमांड पकडतो आणि रेल्ससाठी स्ट्राँग मायग्रेशन्स आहे. तिन्ही सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या तपासण्यांत) लावण्यासारखे. पण त्यांना तुमच्या टेबलात दोनशे रो आहेत की वीस कोटी, हे माहीत नसतं. एआयलाही नसतं, आणि कुठली आवृत्ती चालू आहे हेही नसतं. म्हणून पीआरच्या (कोड मर्ज करण्याच्या विनंतीच्या) वर्णनात टेबलाचा आकार, डेटाबेसची आवृत्ती, लागणारं लॉक आणि फाटल्यास पुढची कृती लिहिण्याची सक्ती करा. कोणी लिहिलं हा मुद्दाच उरत नाही.

१७. टेस्टिंगसाठी प्रॉडक्शनची कॉपी घेतली तर चालेल?

रचना आणि आकार घ्या, नावं-नंबर नकोत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आलाय, आणि तो नसता तरी ग्राहकांचे पॅन नंबर डेव्हलपरच्या लॅपटॉपवर असण्याचं कारण नाही. मास्किंग करताना घाण मात्र शिल्लक ठेवा: रिकाम्या स्ट्रिंग, मागे स्पेस असलेली नावं, नंबरचा कॉलम म्हणून सुरुवातीचं शून्य गेलेला ०२२. स्क्रिप्ट त्यावरच फाटतात. सीआयमध्ये रिकाम्या डेटाबेसवर सुरुवातीपासून सगळी मायग्रेशन चालवाच.

१८. डाउन (बदल मागे घेणारी) स्क्रिप्ट लिहायलाच हवी का?

स्टेजिंगसाठी (प्रॉडक्शनच्या आधीच्या चाचणी सर्व्हरसाठी) सोयीची. प्रॉडक्शनला तिच्यावर भिस्त ठेवू नका. ड्रॉप केलेला कॉलम डाउनने परत येतो, त्यातला डेटा येत नाही. जिथे परत फिरता येत नाही तिथे रिकामी डाउन न ठेवता स्पष्ट एरर फेका.

१९. अ‍ॅप सुरू होतानाच मायग्रेशन चालतं आणि आमचे तीन पॉड (अ‍ॅपच्या चालत्या प्रती) एकदम उठतात. धोका आहे?

फ्लायवे, लिक्विबेस आणि रेल्स लॉक घेतात, त्यामुळे एकच पॉड काम करतो. जँगो असं लॉक घेत नाही. पण लॉक असलं तरी दुसरी भानगड आहे: स्क्रिप्ट लांबली, पॉड तयार होत नाही म्हणून कुबरनेटीसने (पॉड सांभाळणाऱ्या सिस्टिमने) त्याला मारलं, आणि लिक्विबेसच्या लॉक टेबलात ‘चालू आहे’ ही नोंद तशीच राहिली. आता एकही पॉड पुढे जात नाही. ‘रिलीज लॉक्स’ने सुटतं, पण आधी खरंच कोणी चालवत नाहीये हे बघा. मायग्रेशन डिप्लॉयच्या आधीचा वेगळा जॉब असू द्या.

२०. स्टेजिंगला सुरळीत, प्रॉडक्शनला ‘कॉलम आधीच आहे’ अशी एरर. आमच्यापैकी कोणी जोडलेला नाही.

कोणीतरी हाताने जोडलाय, बहुधा एखाद्या इन्सिडंटच्या रात्री. घाईने ‘फेक’ करून (न चालवताच ‘लागलं’ अशी नोंद करून) पुढे जाऊ नका. आधी टाइप, डिफॉल्ट, नल चालतं का, इंडेक्स आहे का, हे तुमच्या फाइलीशी ताडून बघा. तंतोतंत जुळत असेल तरच जँगोचं ‘फेक’ किंवा तुमच्या टूलमधला तसा पर्याय वापरा. जुळत नसेल तर प्रॉडक्शनची आजची स्थिती गृहीत धरणारी नवी फाइल लिहा. मग दोन्हीकडचा स्कीमा डंप काढून डिफ घ्या, कारण हाताने केलेला बदल सहसा एकटा नसतो. आणि ज्या डीबीएने तो केला त्याला रिपोमध्ये पीआर टाकायचा अधिकार आहे का, हे विचारा. बऱ्याच ऑफिसांत तो नसतो, आणि मग तो हातानेच करणार.